तुम्ही विचारलेत म्हणून: संगणक असताना ड्रम मशीन कशाला?

माझ्या टेबलावर संगणकाशेजारी ठेवलेले ड्रम मशीन, म्हणजे ड्रमचे आवाज काढून ठेका वाजवणारे यंत्र, पाहून बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात: रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रमचे असंख्य आवाज तयार असताना हे वेगळे यंत्र कशाला, आणि दोन्हींची लय एकमेकांशी जुळते तरी कशी?

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. सॉफ्टवेअरमध्ये ठेका मांडताना मी नकळत डोळ्यांनी ऐकतो. ठोका पडद्यावरच्या रेषेवर बसलेला दिसला, की तो बरोबरच असणार असे धरून चालतो. रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवर एका ओळीत सोळा बटणे होती आणि पडदा नव्हता. त्याच वळणाच्या माझ्या यंत्रावर ठेका चालू असतानाच बटणे दाबायची असल्यामुळे निवाडा कानालाच करावा लागतो.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या, १९८३ मध्ये आलेल्या मिडी या पद्धतीत एक यंत्र दुसऱ्याला दर मात्रेमागे २४ स्पंद पाठवते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत दोन स्पंदांमधले अंतर जेमतेम २१ मिलिसेकंद भरते. या स्पंदांसोबत लयीचा आकडा जात नाही. घेणारे यंत्र त्यांच्यामधल्या अंतरावरूनच लय ओळखते. त्यामुळे संगणक दुसऱ्या कामात गुंतून एखादा स्पंद मागेपुढे झाला, की ड्रम मशीनचा ठेकाही किंचित डगमगतो. इथे उशीर आणि डगमग यांत फरक करायला हवा, कारण माझी सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. प्रत्येक ठोका सारखाच दहा मिलिसेकंद उशिरा येत असेल, तर रेकॉर्ड केलेला संपूर्ण ट्रॅक तेवढाच मागे सरकवला की काम झाले. पण एक ठोका तीन आणि पुढचा नऊ मिलिसेकंदांनी चुकत असेल, तर एकदा सरकवून काहीच साधत नाही.

म्हणून गाण्याचे इतर ट्रॅक आधीच तयार असतील, तर मी सॉफ्टवेअरला लयीचा मालक करतो, म्हणजे स्पंद त्यानेच पाठवायचे, जड इफेक्ट तात्पुरते बंद ठेवतो आणि ड्रम मशीनचा आवाज लवकरात लवकर ऑडिओ म्हणून उतरवून घेतो. किक, स्नेअर आणि हायहॅट हे ड्रमसंचातले आवाज वेगवेगळ्या फेऱ्यांत घेतो, कारण माझ्या यंत्राला वेगळी आउटपुट नाहीत. प्रत्येक फेरीच्या आरंभी रिमशॉटचा, म्हणजे ड्रमच्या कडेवरच्या तीक्ष्ण आवाजाचा, एक ठोका ठेवतो, म्हणजे सगळे ट्रॅक त्या खुणेवर जुळवता येतात. गाण्याची सुरुवातच ठेक्यापासून होणार असेल, तर मात्र यंत्राला स्वतःच्या घड्याळावर चालू देतो आणि बाकीची वाद्ये त्या रेकॉर्डिंगवर वाजवतो. दोन्हीकडे लयीचा आकडा सारखा ठेवला, तरी स्वतंत्र चालणारी दोन घड्याळे लांब गाण्यात हळूहळू एकमेकांपासून दूर जातात, हे मी एकदा पूर्ण गाणे फुकट घालवून शिकलो आहे.

सुरुवातीचे कित्येक दिवस माझा स्नेअर पोकळ, नळीतून आल्यासारखा वाजत असे आणि मी मात्र माइक, तारा, इक्वलायझर यांनाच दोष देत होतो. प्रत्यक्षात ड्रम मशीनने पाठवलेला मिडी संदेश सॉफ्टवेअर त्या यंत्रालाच परत पाठवत होते, आणि प्रत्येक ठोका किंचित अंतराने दोनदा वाजत होता. तो परतीचा मार्ग बंद करताच आवाज भरीव झाला. यूएसबी आणि ऑडिओची तार दोन्ही एकाच वेळी जोडल्यावर येणारी घरघर मात्र वेगळी. ती संगणक आणि यंत्र यांच्या अर्थिंगमधून येते, आणि माझ्याकडे पाच पिनांची जुनी मिडी तार वापरल्यावर गेली, कारण त्या जोडणीत संदेश प्रकाशाच्या आधारे पुढे जातो आणि दोन्हींचा थेट विद्युतसंबंध येत नाही.

जुळवणी करताना एक पथ्य पाळतो: ट्रॅक सरकवायचा तो सबंध. यंत्रावर दिलेला स्विंग, म्हणजे काही ठोके मुद्दाम किंचित उशिरा वाजवण्याची ढब, ऐकू आल्यावर एकेक ठोका ओढून रेषेवर बसवण्याचा मोह होतोच, आणि दोन-तीनदा मी तो केलाही. प्रत्येक वेळी अनडू करून मूळ ठेका परत आणावा लागला.