पाणी आहे, तर वीज का विकत नाहीत?

नेपाळमधील एका जलविद्युत प्रकल्पावर मी काही वर्षे तांत्रिक सल्लागार होतो, एवढे कळले की लोक एकच प्रश्न विचारतात. नेपाळात एवढे पाणी आहे, भारताला स्वच्छ वीज हवी आहे, बांगलादेशाला तर हवीच आहे, मग घोडे अडते कुठे? मी तोंड उघडण्याआधीच विचारणारा स्वतः उत्तर देऊन मोकळा होतो : राजकारण, दुसरे काय! तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. हे उत्तर सपशेल खोटे असते, तर मला त्याचा एवढा वैताग आला नसता.

राजकारणाने दारे बंद केली तशी उघडलीही आहेत. भारत आणि नेपाळ यांच्यात २०१४ साली वीजव्यापाराचा करार झाला. त्यानंतर २०१६ मध्ये भारताने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत किमान ५१ टक्के भारतीय मालकी असलेल्या प्रकल्पांना झुकते माप होते. नेपाळ आणि भूतान दोघांनीही नाराजी कळवली आणि २०१८ मध्ये ती अट गेली. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळची वीज भारतीय बाजारात रीतसर विकली जाऊ लागली, तीही त्रिशूली आणि देवीघाट या दोन प्रकल्पांच्या अवघ्या ३९ मेगावॅटपासून. जानेवारी २०२४ मध्ये भारताने नेपाळकडून दहा वर्षांत १०,००० मेगावॅट वीज घेण्याचा करार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ढाक्यातले सरकार कोसळले, आणि तरीही ३ ऑक्टोबरला नेपाळची वीज भारतातून बांगलादेशाला देण्याच्या, तिन्ही देशांच्या करारावर सह्या झाल्या. ज्या राजकारणाला आपण ऊठसूट शिव्या घालतो, त्याच राजकारणात हेही घडले. अर्थात त्या करारातील वीज ४० मेगावॅटच आहे, तीही १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्याच काळापुरती, आणि बांगलादेशाची सर्वोच्च मागणी १६,००० मेगावॅटच्या पुढे गेलेली आहे, हे मी लपवत नाही.

आता आमच्या प्रकल्पाविषयी. मोठे धरण नसलेला, नदीचे पाणी वळवून जेवढे येईल तेवढ्यावर चालणारा तो प्रकल्प होता. श्रावणात नदी तुडुंब असे, दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालू शकत, आणि रात्री दहानंतर देशातली मागणी उतरली की काठमांडूहून फोन येई : लोड कमी करा. पाळीवरचा ऑपरेटर नोंदवहीत वेळ लिही, त्यापुढे ‘बॅक डाउन’ एवढेच दोन शब्द लिही, आणि टर्बाइनकडे जाणारे पाणी कमी करून उरलेले बांधावरून नदीत सोडून देई. करारातील एका कलमामुळे आम्हाला प्रत्यक्ष उचललेल्या विजेचेच पैसे मिळत. ही उरलेली वीज भारतात पाठवता आली असती, पण त्यासाठी भारताची मंजुरी प्रत्येक प्रकल्पाला नावानिशी, क्षमतेनिशी आणि ठरावीक मुदतीपुरती मिळते, आणि त्या यादीत आमचे नाव नव्हते. कारण आमच्या बोगद्याचे काम चिनी कंत्राटदाराने केले होते. नियमाचा रोख भारताशी वीजकरार नसलेल्या शेजाऱ्याच्या, म्हणजे मुख्यतः चीनच्या, मालकीवर आहे, पण व्यवहारात चिनी कंत्राटदार असला तरी प्रकल्प अडतो; नेपाळचा ४५६ मेगावॅटचा अप्पर तामाकोशी त्याच कारणासाठी अडकला. आमचे कंत्राट दिले गेले, तेव्हा मी तिथे नव्हतो, हे मी आजही सर्वांत आधी सांगतो. असतो तरी सर्वांत कमी बोलीलाच कौल दिला असता, हे मात्र कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

नेपाळात प्रकल्पबाधित भागातील लोकांसाठी दहा टक्के शेअर राखून ठेवतात. त्या भागधारकांच्या सभेत सगळे जिला ‘आमा’ म्हणत अशा एका वयस्क बाई उठल्या. सहकारी संस्थेचे कर्ज काढून त्यांनी शेअर घेतले होते. व्याज सुरू होते, लाभांशाचा पत्ता नव्हता. त्यांनी मला विचारले, ‘तुमच्या देशात रात्री दिवे लागत नाहीत का?’ मी मंजुरीची प्रक्रिया समजावून सांगू लागलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘म्हणजे पाण्याला जात लागली.’ सभागृह हसले, मलाही हसावे लागले. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, पण त्या माझ्याकडे बघत उभ्याच राहिल्या. सभेतला एकमेव भारतीय मी होतो. सीमेवर कोणाचा पैसा आणि कोणाची यंत्रे येतात याची काळजी भारताने करणे गैर नाही, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. पण ते मत त्या बाईंसमोर उच्चारण्याची माझी हिंमत झाली नाही.

मंजुरी मिळाली असती, तरी सगळे सुरळीत झाले असते असे नाही, आणि इथेच राजकारणवाल्यांचे उत्तर तोकडे पडते. भारतातील डे-अहेड बाजारात उद्याची वीज आज पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत विकली जाते. सौरऊर्जा एवढी वाढली आहे की दुपारी भाव पडतो; सूर्य मावळला की तो चढतो आणि टंचाईच्या संध्याकाळी युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. धरण नसलेल्या प्रकल्पाला दुपारचे पाणी संध्याकाळसाठी फारसे राखता येत नाही. शिवाय हिमालयातील नद्या फुगतात, त्याच महिन्यांत सह्याद्रीवरच्या पवनचक्क्याही जोरात असतात. हिवाळ्यात नद्या आटतात आणि नेपाळच आपल्याकडून वीज घेतो, भूतानही घेतो. म्हणजे प्रश्न वीज किती याचा नसून ती कोणत्या महिन्यात आणि कोणत्या घटकेला आहे याचा आहे.

नेपाळने यावर घरातच, म्हणजे उरलेली वीज देशातच वापरण्याचा, एक उपाय चालवला आहे, त्याबद्दल मात्र मला कोणी विचारत नाही. आयातशुल्कातील सवलतीमुळे तिथे नव्याने येणाऱ्या मोटारींत आता बहुसंख्य विजेवरच्या असतात. २०१५ साली भारताच्या सीमेवर झालेल्या नाकेबंदीत पेट्रोलसाठी ताटकळलेल्या देशाला त्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पूर्वी मी ठामपणे म्हणत असे की पारेषणाच्या तारा ओढा, बाकीचे बाजार बघून घेईल. नेपाळमधील धल्केबर ते बिहारमधील मुझफ्फरपूर ही वाहिनी ४०० केव्ही (किलोव्होल्ट) दाबावर चालू लागल्यावर व्यापार खरोखरच वाढला, त्यामुळे ते म्हणणे अगदीच सोडून देववत नाही. आता मात्र मी जलाशय हवेत असे म्हणतो. नेपाळमधील बुढीगंडकी नदीवरचा १,२०० मेगावॅटचा प्रस्तावित जलाशय झाला, तर पावसाळ्याचे पाणी हिवाळ्यात आणि दुपारचे संध्याकाळी विकता येईल. पण त्यासाठी गोरखा आणि धादिंग जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांना उठावे लागेल. मी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात वाढलो. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्र उभा राहिला हे मला शाळेत शिकवले, आणि कोयनेचे धरणग्रस्त आजही जमिनीसाठी आंदोलन करतात हे शाळेबाहेर पाहिले. तेव्हा जलाशय बांधा असे काठमांडूच्या बैठकीत मी ठणकावून सांगतो, आणि त्याच बैठकीत कोणी पुनर्वसनाचा विषय काढला की त्याची बाजूही मीच घेतो. सहकाऱ्यांना हे दुटप्पी वाटते, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही.