लाकडाची गाडी, कांद्याचं भाडं

आज पहाटे मार्केट यार्डात कांदा भरायला जो ट्रक लागला, त्याच्या हौद्यात मालक झाडू मारत होते. कोपऱ्यातून बाभळीच्या सालीचे तुकडे निघत होते. ओंडके घासून फळ्यांवर खोल चरे पडलेले. त्यावर त्यांनी जुनी बारदानं अंथरली, प्रत्येक फळीवर हात फिरवून कुसळ वर आलंय का पाहिलं. का, तर पोतं फाटायला नको.

मी सहज विचारलं, "मामा, लाकडाचा धंदा सोडला का?"

हात थांबला त्यांचा. "सोडतोय कशाला? पाऊस लांबला, काळी रानं अजून ओली हायेत, वाफसा नाही, म्हंजी ओल उतरून माती कामाजोगी झाली नाही. गाडी आत घातली की एक्सलपर्यंत रुतती. तवर कांदा, वीटा, कडबा, मिळंल ते. गाडीच्या कर्जाचा हप्ता काय वाफसा बघून येत नाही."

ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

गाडी उभी असली तरी विमा भरावाच लागतो. आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, दरसाल. वर हैदराबादला कांदा उतरवल्यावर परतीचं भाडं मिळालं नाही, तर येतानाचं डिझेल खिशातून. हे सगळं ते दोरी आवळता आवळता सांगत होते.

निघताना सालीचा एक मोठा तुकडा त्यांनी सीटमागं नीट ठेवला. चुलीला होईल म्हणाले.

तुमच्याकडं रानं वाफशावर आली का? कुणाला बाभळी तोडायच्या असतील तर सांगा, मी त्यांचा नंबर घेतलाय.