भाचीची पहिली एअर रायफल: आतापर्यंतची नोंद

ही शिकारीची रायफल नाही. १० मीटरवरून कागदी टार्गेटवर नेम धरायची, ४.५ मिमी कॅलिबरची एअर रायफल. भाची ११ वर्षांची, अंगाने बारीक, आणि तिला हे मनापासून शिकायचंय. म्हणून निवडीत घाई केली नाही. घरातल्या लहान मुलाला सुरुवात करून देणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतोय.

आधी वजन. स्पर्धेच्या नियमांत ५.५ किलोपर्यंतची रायफल चालते, आणि मोठ्यांच्या मॅच रायफली बऱ्यापैकी जड असतात. ‘मोठी झाल्यावरही वापरता येईल’ असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटला नाही. फ्रॉक वाढत्या अंगाचा घेता येतो, रायफल नाही. उभं राहून नेम धरताना पुढच्या हाताचं कोपर कमरेच्या हाडाशी टेकलं पाहिजे, म्हणजे वजन हाडांवरून थेट पायांत उतरतं. रायफल झेपत नसेल तर मूल ते खांद्याच्या आणि दंडाच्या ताकदीवर पेलू बघतं, पाठ नको तेवढी मागे वाकते आणि तीच ढब अंगवळणी पडते. ती नंतर मोडणं फार अवघड. म्हणून हलकी ज्युनिअर रायफल घेतली, आणि पहिले काही आठवडे तीही स्टँडवर टेकवूनच.

मग माप. कोपर काटकोनात वाकवायचं, बट (रायफलीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) कोपराच्या खळीत टेकवायचं आणि तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचतंय का ते बघायचं. हा झाला ढोबळ अंदाज. खरी परीक्षा डोळे मिटून. रायफल खांद्याला लाव, गाल ठेव, आता डोळे उघड. मागच्या साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) छिद्रातून पुढच्या साइटची रिंग मधोमध दिसली तर माप बसलं. भाचीला दर वेळी मान पुढे ताणावी लागत होती. बटमधला एक स्पेसर (लांबी वाढवणारी पट्टी) काढला, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) थोडा वर घेतला, आणि मान सरळ झाली. बट आणि चीकपीस दोन्ही सरकवता येत नसतील तर वाढत्या वयाच्या मुलासाठी ती रायफल मी घेणार नाही, बाकी कितीही चांगली असो.

सगळ्यात जास्त विचार डोळ्याचा करावा लागला. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट धरायची, त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची आणि ती नजरेतून न सोडता हात चेहऱ्याकडे आणायचे. फट ज्या डोळ्यासमोर येते तो प्रबळ डोळा. भाची उजव्या हाताने लिहिते, पण फट दर वेळी डाव्या डोळ्यासमोर आली. डाव्या डोळ्यावर झापड लावून उजवीकडून नेम धरायला शिकवता आलं असतं. पण ती अगदी नवी आहे, हाताला अजून कसलीच सवय नाही. म्हणून डाव्या खांद्यावरूनच सुरुवात केली. यासाठी दोन्ही बाजूंनी चालणारा स्टॉक (रायफल धरायचा सांगाडा) शोधावा लागला.

स्प्रिंगची रायफल जाणीवपूर्वक टाळली. तिच्यातला पिस्टन सुटतो तेव्हा पेलेट (छर्रा) बाहेर पडायच्या आत रायफल हलते, आणि दर वेळी लिव्हर ओढायला लहान हाताला जोर लागतो. सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत या दोन्ही अडचणी जवळपास नाहीत. मात्र जुनी घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. मॅच रायफलींचे नामांकित उत्पादक सिलिंडरला १० वर्षांची मुदत देतात. रात्री हवा भरून ठेवा आणि सकाळी दाबाचा काटा उतरलाय का ते बघा.

आणखी एक अट माझी स्वतःची: बोल्ट उघडणं, केशरी सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) घालणं, रायफल टेबलावर ठेवणं हे सगळं तिला कुणाच्या मदतीशिवाय जमलं पाहिजे. जमतं. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, हेही आता सांगावं लागत नाही. पेलेट शिशाचे असतात, त्यामुळे रेंजवरून निघताना हात साबणाने धुणं ठरलेलं.

प्रगती म्हणाल तर गुण मी मोजत नाही. दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा, त्याचा ध्यास इतक्यात नको. मी ग्रुप बघतो, म्हणजे छिद्रं एकमेकांच्या किती जवळ पडली ते. सुरुवातीला टार्गेटभर विखुरलेली छिद्रं आता एका बाजूला का होईना, जवळजवळ पडू लागली आहेत, आणि ते पाहून मला मनापासून आनंद झाला. पुढच्या साइटची रिंग एक माप मोठी लावल्यावर टार्गेटच्या काळ्या गोलाभोवती पांढरी कड स्वच्छ दिसायला लागली आणि तिचं नेम धरून रेंगाळणं कमी झालं. ‘मामा, आज हात दुखला नाही’ असं ती परवा आपणहून म्हणाली. त्यानंतर स्टँड बाजूला काढला.

आता थोडे शॉट उभ्याने, बाकी सगळा सराव ड्राय फायरचा, म्हणजे पेलेट न भरता. नेमबाजीचं जाड जॅकेट इतक्यात नाही. काढलेला स्पेसर पेटीत जपून ठेवलाय, आणि तिची उंची वाढेल तसं माप पुन्हा घेणार आहे.