वर्गात उघडलेले दरवाजे

नकाशावर त्र्यंबकेश्वरापासून पैठणपर्यंत गोदावरी बोटाने दाखवत मी मागे सरकले आणि पाण्याने भरलेल्या बादलीला पाय लागून तिसरीच्या सगळ्या मुलांसमोर ओल्या फरशीवर धपकन बसले.

क्षणभर वर्ग चिडीचूप झाला आणि मग मागच्या रांगेतून आवाज आला, “बाई, जायकवाडी धरणाचे सगळे 27 दरवाजे उघडले!” हशा पिकला, साडी भिजलेली, चेहरा लाजेने लाल झालेला, तरी मलाही हसू आवरेना.

त्या गोंधळात एक मुलगी मात्र मुकाट्याने पुढच्या रांगेतली दप्तरे उचलून खिडकीत ठेवत होती. “पाणी सोडायच्या आधी काठावरच्या गावांना सांगावं लागतं, बाई,” ती गंभीरपणे म्हणाली. तिचे घर नदीकाठी आहे.

नाथसागर (जायकवाडीचा जलाशय), दरवाजे, विसर्ग (धरणातून सोडलेले पाणी) यांपैकी एकही शब्द मी अजून फळ्यावर लिहिला नव्हता. एखाद्या वर्षी टँकरची वाट पाहणाऱ्या, तर एखाद्या वर्षी विसर्गाच्या बातमीकडे कान लावून बसणाऱ्या आमच्या मराठवाड्यातल्या घरांत हे शब्द जेवताना बोलले जातात आणि मुले ते ऐकत असतात. घरी येईपर्यंत खिडकीतली ती दप्तरे माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाहीत.

उद्याचा धडा तिलाच सुरू करायला सांगू का?