संपलेल्या व्हिसावर टोरंटोवारी

टोरंटोच्या परिषदेत पेपर लागला तेव्हा माझ्या पासपोर्टातला अमेरिकेचा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसा संपून बरेच महिने झाले होते. विभागातल्या निम्म्या लोकांनी 'अडकशील, जाऊ नकोस' असं बजावलं. उरलेल्यांनी 'काही होत नाही गं' म्हणून हात झटकले. दोन्ही सल्ले देणाऱ्यांपैकी एकानेही नियम वाचलेला नव्हता. मी जाऊन आले, आणि आता तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतायत, म्हणून सगळं एकत्र लिहिते आहे.

नियमाचं नाव 'ऑटोमॅटिक व्हिसा रीव्हॅलिडेशन'. एफ-१ आणि जे-१ (एक्सचेंज कार्यक्रमाचा व्हिसा) वाल्यांना कॅनडा, मेक्सिको किंवा क्युबा सोडून जवळच्या कॅरिबियन बेटांवर ३० दिवस किंवा त्याहून कमी काळ जाऊन, संपलेल्या व्हिसावर अमेरिकेत परत येता येतं. व्हिसा फक्त दारापर्यंत पोचवतो. आत तुम्ही राहता ते आय-२० (विद्यापीठाने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आणि आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) यांच्या जोरावर. ती दोन्ही चालू असतील तर या छोट्या फेरीपुरता जुना व्हिसा चालू धरला जातो.

अटी मात्र पक्क्या आहेत. त्या मुक्कामात तिथल्या अमेरिकी वकिलातीत नव्या व्हिसासाठी अर्ज केलात की ही सवलत गेली. मग निकाल येईपर्यंत बाहेरच, आणि नकार आला तर थेट मायदेश. टोरंटोहून चार दिवस लंडनला डोकावून आलात, तरीही गेली. व्हिसा मुदत संपलेला चालतो, रद्द केलेला चालत नाही. शिवाय अमेरिकेने दहशतवादाचे पुरस्कर्ते ठरवलेल्या देशांच्या नागरिकांना हा नियम लागूच होत नाही. आमच्या लॅबमधल्या इराणी मित्राचं पोस्टर माझ्या ट्यूबमधून टोरंटोला गेलं, तो स्वतः नाही.

आता कॅनडाची बाजू. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच, अमेरिकेत शिकत असलात तरी. शुल्क १०० कॅनेडियन डॉलर, वर बोटांच्या ठशांचे ८५. ठसे अमेरिकेतच यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन सेवा खात्याच्या) केंद्रात देता येतात आणि १० वर्षं चालतात. अर्ज मंजूर झाला की पासपोर्ट शिक्क्यासाठी पाठवावा लागतो, आणि तेवढे दिवस तो हातात नसतो, हे तिकीट काढताना ध्यानात घ्या. अर्जाला परिषदेचं निमंत्रण सगळेच जोडतात. मी आय-२०, आय-९४, असिस्टंटशिपचं (विद्यापीठातल्या पगारी कामाचं) पत्र आणि रीव्हॅलिडेशनच्या नियमाची प्रतही जोडली. तुम्हाला अमेरिका परत घेईल का, ही कॅनडाची खरी शंका असते. टोरंटोत उतरल्यावर अधिकाऱ्याने मला नेमकं तेच विचारलं.

निघण्यापूर्वी आय-२० च्या दुसऱ्या पानावर डीएसओची (विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची) प्रवासाची सही बघा. शिकत असलेल्यांना ती एक वर्ष चालते, ओपीटीवर (पदवीनंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर) असलेल्यांना सहा महिने. सही नसेल तर सीमेवरचा अधिकारी आय-५१५ए ही नोटीस देऊन ३० दिवसांपुरतं आत सोडू शकतो, पण तो त्याच्या मर्जीचा भाग झाला. जुना व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट घ्या. आय-९४ छापून घ्या, फोनमधल्या पीडीएफवर विसंबू नका. आणि हे सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सुटकेसमध्ये नाही.

परिषद युनियन स्टेशनलगतच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होती, त्यामुळे विमानतळाहून यूपी एक्सप्रेस या रेल्वेने २५ मिनिटांत पोचता आलं. शहराबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, मी थेट परतीवर येते, कारण खरी कसोटी तिथे होती.

आणि ती अमेरिकी अधिकाऱ्यासमोर नव्हती, एअरलाइनच्या काउंटरवर होती. ऑनलाइन चेक-इन झालं नाही. काउंटरवरच्या मुलीने व्हिसाची तारीख बघितली आणि 'तुम्हाला बसवता येणार नाही' असं सांगून मोकळी झाली. कागद नीट नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, त्यामुळे त्यांचा कल नाही म्हणण्याकडेच असतो. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. अमेरिकी सीमा विभागाच्या संकेतस्थळावरचं या नियमाचं पान मी छापून नेलं होतं. ते पुढे सरकवलं आणि सुपरवायझरला बोलवायची विनंती केली. त्याला नियम माहीत होता. पण यात बराच वेळ गेला, म्हणून विमानाच्या तीन तास आधी पोचा.

टोरंटो पिअरसनवर अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्यापूर्वीच होतं. मला हे जास्त सोयीचं वाटतं: पुढे अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता, कनेक्शन चुकायची धास्ती नाही. अधिकाऱ्याने कुठे गेला होतात, किती दिवस, गाइड कोण, एवढंच विचारलं. आय-२० ची सही बघितली, आय-९४ बघितलं, झालं. तुम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं तर घाबरू नका, पण विचारलं तेवढंच सांगा. फोन-लॅपटॉप तपासायचा अधिकार त्यांना आहे, तेव्हा अप्रकाशित डेटा गाइडला विचारूनच बरोबर न्या.

माझं गणित सगळ्यांना लागू होणार नाही. एफ-१ वरून एच-१बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) 'चेंज ऑफ स्टेटस', म्हणजे देशात राहूनच दर्जा बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडलात तर तो बदलाचा अर्ज सोडून दिला असं धरतात. तुमच्या जागी मी गेले नसते. ओपीटीवर असाल तर ईएडी (कामाच्या परवान्याचं) कार्ड आणि नोकरीचं पत्र न्या. ओपीटीत मुभा असलेले बेरोजगारीचे ९० दिवस बाहेर असतानाही मोजले जातात. जे-१ वाल्यांना आय-२० च्या जागी डीएस-२०१९ हा त्यांचा कागद, बाकी तेच.

'टोरंटोला जातोच आहोत तर स्टॅम्पिंगही उरकू', म्हणजे तिथेच अमेरिकेचा नवा व्हिसा घेऊ, हा जुना बेत आता डोक्यातून काढा. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने नॉन-इमिग्रंट व्हिसाचा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करायला सांगितलंय, आणि मुलाखतीतून मिळणारी सूटही बहुतेकांसाठी संपली. जून २०२५ पासून एफ, एम, जे (विद्यार्थी आणि एक्सचेंज) व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवावी लागतात. म्हणजे घरी जाल तेव्हा आधी मुलाखतीची तारीख, मग तिकीट. व्हिसा अर्जाचं १८५ डॉलरचं शुल्क भरावं लागेल. सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) रेकॉर्ड तेच असेल तर त्याची फी पुन्हा नाही. २२१(जी)ची, म्हणजे अर्ज आणखी तपासणीसाठी अडकल्याची चिठ्ठी मिळाली तर आठवडे जाऊ शकतात, विशेषतः संवेदनशील विषयात संशोधन असेल तर. म्हणून सत्र सुरू व्हायच्या तोंडावरची मुलाखत घेऊ नका.

परत आल्यावर त्याच दिवशी आय-९४ ऑनलाइन उघडून बघा. वर्ग एफ-१ आणि मुदतीच्या जागी 'डी/एस' (ठराविक तारीख नाही, विद्यार्थी दर्जा असेपर्यंत) असायला हवं. माझ्या मैत्रिणीच्या आय-९४ वर चुकून बी-२ (पर्यटकाचा वर्ग) पडलं होतं. तिने डीएसओला कळवलं आणि सीमा विभागाच्या जवळच्या डिफर्ड इन्स्पेक्शन (अशा नोंदी दुरुस्त करणाऱ्या) कार्यालयातून ते दुरुस्त करून घेतलं.