तुम्ही विचारलंत म्हणून: जबड्याच्या सांध्याचा थ्री-डी स्कॅन

जबडा दुखणारे रुग्ण, आणि कधी कधी त्यांना पाठवणारे दंतवैद्यही, मला वारंवार विचारतात, ‘तोंड उघडताना कानापाशी कट्‌कन आवाज येतो, दुखतं, मग एकदा थ्री-डी स्कॅन काढून सोक्षमोक्ष का लावत नाही?’ दातांचे आणि जबड्याचे स्कॅन वाचणे हाच माझा व्यवसाय आहे, तरीही माझे उत्तर बहुधा ‘आधी तपासून घ्या’ असेच असते.

खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक कानापुढच्या खोबणीत बसते आणि दोन्ही हाडांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. कट्‌कन आवाज येतो तो सहसा ही चकती पुढे घसरल्यामुळे. आपण ज्याला थ्री-डी म्हणतो तो सीबीसीटी स्कॅन हाड उत्तम दाखवतो, चकती मात्र दाखवत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो. शिवाय जबड्याचे बरेचसे दुखणे स्नायूंचे असते आणि ते बोटांनी दाबून पाहिल्यावरच कळते. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर बहुतेक वेळा कशाचीच गरज नसते.

मात्र आवाज करकर असा येऊ लागला, चावताना दात पूर्वीसारखे जुळेनासे झाले, हनुवटी एका बाजूला सरकू लागली किंवा मार लागल्यानंतर तोंड उघडेना, तर हाडाकडे पाहावेच लागते. साध्या ओपीजीत, म्हणजे सगळे दात आणि जबडे एकाच सपाट चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेमध्ये, हा सांधा तिरका दिसतो आणि कवटीच्या इतर हाडांच्या सावल्या त्यावर पडतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या सीबीसीटीने ही अडचण दूर केली. त्यातील घनबिंदू, म्हणजे ज्यांचे चित्र बनते ते बारीक ठोकळे, सर्व बाजूंनी सारखे, साधारण ०.१ ते ०.४ मिलिमीटरचे असल्याने मला संगणकावर त्या चित्राचा हवा तसा छेद घेता येतो. जबड्याचे टोक डोक्याच्या सरळ रेषेत नसून थोडे तिरके असते, म्हणून मी त्याच्याच अक्षाला धरून छेद घेते. तेव्हा झीज, चपटेपणा, कडेला वाढलेले हाड किंवा हाडातील पोकळी स्पष्ट दिसते.

दिसलेली प्रत्येक गोष्ट आजारच असते असे नाही. किशोरवयात या टोकावरील कठीण थर पूर्ण बनलेला नसतो, त्यामुळे त्याची पुसट कड झिजेसारखी भासू शकते. टोक खोबणीत किंचित मागे दिसले एवढ्यावरून उपचार ठरवणे तर मला मुळीच पटत नाही, कारण काहीही त्रास नसलेल्यांमध्येही ते तसे असते. उलट, मोठी झीज असूनही न दुखणारे सांधे मी नेहमी पाहते.

सीबीसीटीत किरणांची मात्रा वैद्यकीय सीटीपेक्षा सहसा कमी असली तरी ओपीजीपेक्षा जास्त असते. म्हणून चिठ्ठीवर केवळ ‘सांध्याचा स्कॅन’ लिहिलेले असेल, तर मी त्या दंतवैद्यांना फोन करून तोंड किती मिलिमीटर उघडते, दुखणे नेमके कुठे आहे आणि हाडात काही सापडल्यास उपचार बदलणार आहे का, एवढे विचारून घेते.