बर्फाने पाठवलं न्यूरेंबर्गला

२ डिसेंबर २०२३ला म्युनिकवर असा बर्फ कोसळला की विमानतळच बंद पडला. आम्हाला फ्रँकफर्टला उतरवलं. पुढे म्युनिकच्या गाड्याही ठप्प, त्यामुळे तिथल्या हॉटेलच्या पैशांवर पाणी सोडलं आणि न्यूरेंबर्गपर्यंत जाणारी गाडी पकडली. एरवी दोन-सव्वादोन तासांचं अंतर, पण त्या दिवशी गाडी जागोजागी रखडली. मी दाराशी उभी, आई बॅगेवर बसून चकल्या खातेय!

दुसऱ्या दिवशी ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार, म्हणजे गर्दीला तोटा नाही. हाउप्टमार्क्ट चौकात नाताळचा बाजार भरलेला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांचे लाकडी स्टॉल. १६२८ सालापासून या बाजाराची लेखी नोंद सापडते. जुनं शहर मात्र जानेवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालं होतं. आज दिसतं ते बरंचसं नंतर उभारलेलं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग काय झालं? नीट बांधलंय की."

बारा वाजता फ्राउएनकिर्शे चर्चच्या घड्याळातून सात इलेक्टरांच्या, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्यांच्या, यांत्रिक बाहुल्या निघतात आणि सम्राट चौथ्या कार्लभोवती तीन फेऱ्या घालतात. सगळ्यांचे मोबाइल उंचावलेले. याच कार्लच्या परवानगीने १३४९मध्ये इथली ज्यू वस्ती पाडून चौक मोकळा केला गेला, शेकडो माणसं मारली गेली, आणि सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, जागी हे चर्च उभं राहिलं. हे आधी वाचलेलं असल्यामुळे मला काही त्या बाहुल्यांचं कौतुक करवेना.

सुक्या आलुबुखारांच्या बाहुल्यांपाशी मात्र मी रेंगाळले. तारेवर ओवलेले सुरकुतलेले काळे हातपाय, अक्रोडाचं डोकं, त्यावर रंगवलेलं तोंड. एक पाववाला, एक धुराडी साफ करणारा, एक म्हातारी छत्री घेऊन. किमती ऐकून फक्त बघितल्या.

या बाजाराचं उद्घाटन क्रिस्टकिंड करते, सोनेरी केसांचा टोप घातलेली शहरातलीच एक तरुण मुलगी. दर दोन वर्षांनी नवी निवडतात. २०१९मध्ये निवडलेल्या मुलीचे वडील भारतीय वंशाचे. त्यावरून एका उजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने गरळ ओकली, पण शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं. आईला ही गोष्ट भलतीच आवडली.

खाण्याचं म्हणाल तर बोटाएवढी सॉसेजेस, एका पावात तीन. डुकराचं म्हटल्यावर आईने हात मागे घेतला आणि बटाट्याचा किसून केलेला पॅनकेक घेतला, वर सफरचंदाचा गर. "उपासाचं थालीपीठच हे, नुसती गोड चटणी दिलीय!" लेबकुखन हा मसालेदार नाताळी केक घ्यायचा तर ‘एलिझेन’ प्रकारचाच घ्या, त्यात पीठ नावापुरतं आणि सुकामेवा भरपूर असतो.

सव्वाचारलाच अंधार पडला. ग्लूवाइनच्या (मसाले घातलेली गरम वाइन) मगाचं डिपॉझिट परत मिळतं, पण आईने तो मग रुमालात गुंडाळून केव्हाच पर्समध्ये टाकला होता. "पैसे भरलेत ना आपण?" म्हणाली, आणि दुसऱ्या रंगाचा मिळतो का ते बघायला निघाली.